मुलांच्या स्मार्टफोनवर लक्ष कसे ठेवावे? पालकांना काय दिसते, काय दिसत नाही आणि अडचण आली तर काय करावे

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे पश्चिमेला घोडबंदर रोडवर, दुसरे डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला. रिक्षावाल्याला नुसते मानपाडा म्हटले तर डोंबिवलीत एक अर्थ होतो आणि ठाण्यात दुसरा. पण दोन्हीकडच्या घरांचा दिवस साधारण सारखाच असतो. आई-बाबा सकाळी लवकर घर सोडतात, रात्री आठ-साडेआठला परत येतात. मधल्या बारा तासांत मुलांजवळ शाळा, क्लास, असलीच तर आजी, आणि मोबाइल असतो. हा मोबाइल बहुतेक घरांत पालकांच्याच सोयीसाठी आलेला असतो. क्लासमधून निघालास का, जेवलीस का, हे लोकलमध्ये उभ्याउभ्या विचारता यावे म्हणून. पुढे त्याच मोबाइलवर मूल नेमके काय करते, हा प्रश्न पडतो आणि पालक गुगलवर शोधायला लागतात.

शोधल्यावर समोर येतात त्या बहुतेक जाहिराती असतात. 'मुलाचे सगळे मेसेज वाचा, त्याला कळणारही नाही' अशा. त्यामुळे आधी एक फरक समजून घेतलेला बरा. मुलाला माहीत असलेली आणि फोन बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेली देखरेखीची सोय वेगळी, आणि गुपचूप बसवलेले हेरगिरीचे ॲप वेगळे. पहिली फुकट आहे आणि बऱ्यापैकी चालते. दुसऱ्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि त्यातून होणारा त्रास जास्त असतो. त्याबद्दल पुढे येईलच.

अँड्रॉइड फोन असेल तर

भारतात बहुतेक मुलांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो, आणि अनेकदा तो आई-बाबांचा जुना फोन असतो. घोळ इथूनच सुरू होतो. जुना फोन देताना त्यातले पालकांचे गुगल खाते तसेच ठेवले जाते. म्हणजे मूल फोन वापरते ते चाळीस वर्षांच्या माणसाच्या नावाने. यूट्यूब त्याला मोठ्या माणसाचे व्हिडिओ दाखवते, प्ले स्टोअर कुठलेही ॲप देते, आणि खात्याला कार्ड जोडलेले असेल तर गेममधली खरेदीही होते. म्हणून पहिले काम एकच. फोन पूर्ण रिसेट करायचा आणि मुलाच्या खऱ्या जन्मतारखेने नवे गुगल खाते उघडायचे. वय खोटे टाकून खाते काढले की पुढच्या सगळ्या सुरक्षा-सोयी आपोआप बाद होतात.

यानंतर गुगलचे फॅमिली लिंक. ही सोय २०१७ पासून आहे. पालकाने आपल्या फोनवर फॅमिली लिंक हे ॲप घ्यायचे; पालकाचा फोन अँड्रॉइड असो वा आयफोन, चालते. मुलाच्या फोनवर सेटिंग्जमध्ये गुगलच्या विभागात पालकांच्या नियंत्रणाचा पर्याय असतो, तिथून दोन्ही खाती जोडायची. १३ वर्षांखालील मुलाचे खाते पालकच उघडतो. त्याहून मोठ्या मुलाच्या आधीपासूनच्या खात्यावरही देखरेख लावता येते, पण त्यासाठी मुलाची संमती लागते.

जोडणी झाली की पालकाला दिवसभरात कोणते ॲप किती वेळ उघडे होते हे दिसते. नवे ॲप घ्यायचे तर विनंती पालकाच्या फोनवर येते, मग पालक लोकलमध्ये असो की ऑफिसात. रोजची वेळमर्यादा ठरवता येते, एखाद्या ॲपपुरती वेगळी मर्यादा लावता येते, रात्री ठरावीक वेळी फोन आपोआप बंद करता येतो. फोन चालू असेल आणि इंटरनेट असेल तर तो कुठे आहे हे नकाशावर कळते. क्रोम ब्राउझरमध्ये ठरावीक संकेतस्थळे बंद करता येतात आणि देखरेखीखालच्या लहान मुलाच्या खात्यात इन्कॉग्निटो उघडतच नाही.

जे दिसत नाही तेही लक्षात ठेवावे. व्हॉट्सॲपवर काय बोलणे झाले, इन्स्टाग्रामवर कोणी काय पाठवले, फोनवर कोणाशी काय बोलले, यातले काहीही फॅमिली लिंक दाखवत नाही. मुलाने यूट्यूबवर दोन तास घालवले एवढे कळते. ते दोन तास दहावीच्या बीजगणितावर गेले की शॉर्ट्सवर, हे त्या आकड्यातून कळत नाही.

यूट्यूबचे वेगळे पाहावे लागते. अगदी लहानांसाठी यूट्यूब किड्स हे स्वतंत्र ॲप आहे. थोड्या मोठ्या मुलांसाठी २०२१ पासून यूट्यूबवर पालकांच्या देखरेखीचे खाते करता येते. त्यात तीन पायऱ्या आहेत: साधारण ९ वर्षांपुढच्यांसाठी, १३ पुढच्यांसाठी, आणि प्रौढांचे सोडून जवळपास सगळे यूट्यूब. या गाळण्या यंत्राच्या आहेत आणि त्या चुकतात. मराठी शिव्या असलेला व्हिडिओ इंग्रजीवर तयार झालेल्या गाळणीतून सुटून जाऊ शकतो, हे मराठी घरांनी विशेष लक्षात ठेवावे.

आयफोन असेल तर

आयफोन आणि आयपॅडमध्ये वेगळे ॲप लागत नाही. २०१८ पासून सेटिंग्जमध्येच स्क्रीन टाइम आहे. फॅमिली शेअरिंगमध्ये मुलाचे खाते जोडले की पालकाच्या आयफोनवरून वेळमर्यादा, ॲपची परवानगी, खरेदीची परवानगी, कोणाशी कधी बोलता येईल याची मर्यादा, सगळे ठरवता येते. मुलाला नग्न छायाचित्र आले किंवा त्याने पाठवायला घेतले तर ते धूसर करून सावध करणारी सोयही त्यात आहे. ही तपासणी फोनच्या आतच होते, छायाचित्र ॲपलकडे जात नाही. स्क्रीन टाइमला स्वतंत्र पासकोड असतो आणि तो फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवायचा. जन्मसाल ठेवू नये. घरातले पासवर्ड मुलांना किती पाठ असतात याचा अंदाज पालकांना बहुधा नसतो.

एक मर्यादा इथे आडवी येते. आई-बाबांकडे अँड्रॉइड आणि मुलाकडे आयफोन असेल तर फॅमिली लिंकचा फारसा उपयोग नाही. मग स्क्रीन टाइम मुलाच्याच फोनवर लावून पासकोड आपल्याकडे ठेवावा लागतो.

इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, व्हॉट्सॲप

इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरांसाठीची खाती आणली. १८ वर्षांखालील वापरकर्त्याचे खाते आपोआप खासगी राहते, अनोळखी माणूस त्याला थेट मेसेज करू शकत नाही, तासाभराने थांबण्याची आठवण येते आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद असतात. १६ वर्षांखालच्या मुलाला यातले काही सैल करायचे तर पालकाची परवानगी लागते. देखरेख जोडलेला पालक मागच्या ७ दिवसांत मुलाने कोणाकोणाशी बोलणे केले हे पाहू शकतो, पण काय बोलणे झाले ते नाही. स्नॅपचॅटच्या फॅमिली सेंटरमध्येही असेच आहे, नावे दिसतात, मजकूर दिसत नाही.

हा मधला मार्ग कंपन्यांनी आपल्या सोयीने काढला असला तरी विचार करण्यासारखा आहे. आठवीतल्या मुलीच्या यादीत वर्गातली दहा नावे आणि एक अनोळखी माणूस दिसला, तर आईला विचारायला एवढे पुरते. मैत्रिणीशी झालेले प्रत्येक वाक्य वाचायची गरज उरत नाही.

अर्थात हे सगळे खरे वय टाकले असेल तरच. शिवाय इन्स्टाग्रामवर दोन खाती असणे मुलांमध्ये अगदी सर्रास आहे. एक नातेवाइकांना दाखवायचे, एक मित्रांसाठीचे. देखरेख पहिल्यावर लागते.

व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ आहे, तरी क्लासचा ग्रुप, सोसायटीच्या मुलांचा ग्रुप यामुळे पाचवी-सहावीतच ते फोनवर येते. अनेक पालक लिंक्ड डिव्हाइसचा मार्ग वापरतात. मुलाच्या फोनवरून क्यूआर कोड घेऊन आपल्या लॅपटॉपवर त्याचे व्हॉट्सॲप उघडतात. दहा वर्षांच्या मुलाला सांगून केले तर ठीक. पंधरा वर्षांच्या मुलीचे न सांगता वाचले, तर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत ते तिला दिसतेच, आणि मग ती दुसऱ्या ॲपवर जाते. त्यापेक्षा तिच्यासोबत बसून चार गोष्टी बदलाव्यात: ग्रुपमध्ये कोण जोडू शकते ते 'माझे संपर्क' एवढ्यावर आणावे, प्रोफाइलचा फोटो अनोळखींपासून लपवावा, अनोळखी नंबरचे कॉल मूक करावेत आणि दुहेरी पडताळणी लावावी. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याचा उपयोग अनेक महागड्या ॲपपेक्षा जास्त होतो.

वार्षिक शैक्षणिक सर्वेक्षणाचा, म्हणजे 'असर'चा, २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे, पण त्यातले आकडे शहरी पालकांनाही काही सांगतात. १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिकांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केलेले ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमे वापरलेले ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी आपले खाते खासगी कसे करायचे हे जेमतेम ५५ टक्क्यांना माहीत होते. उरलेल्यांना ते शिकवायला कोणीतरी शेजारी बसावे लागेल, आणि बहुतेक घरांत ते काम पालकांवरच येते.

मुले कुठून सुटतात

सर्वांत मोठी पळवाट तंत्रज्ञानाची नाहीच. ती कपाटातल्या खणात असते. घरातला जुना, सिम नसलेला फोन वाय-फायवर उत्तम चालतो. दुसरी पळवाट आजी-आजोबांचा फोन. तिसरी मित्राचा. त्यामुळे देखरेखीच्या ॲपमध्ये 'आज वापर: ४० मिनिटे' पाहून निर्धास्त झालेल्या पालकांनी घरात चालू स्थितीतले फोन एकूण किती आहेत हे एकदा मोजावे. दिवाळीच्या साफसफाईत हा हिशेब आपोआप लागतो.

फोनच्या आतल्या पळवाटाही आहेत. काही कंपन्यांच्या फोनमध्ये एकाच फोनचे दोन फोन करता येतात. 'सेकंड स्पेस' नावाच्या सोयीत वेगळा पासवर्ड टाकला की वेगळीच ॲप्स दिसतात. 'ड्युअल ॲप्स'मुळे दोन व्हॉट्सॲप चालतात. कॅल्क्युलेटरसारखे दिसणारे, पण ठरावीक आकडा दाबला की लपवलेले फोटो उघडणारे ॲप असते. फोनमध्ये दोन कॅल्क्युलेटर दिसले तर त्यातले एक काय करते हे विचारावे. क्रोमवर निर्बंध लावले आणि दुसरा ब्राउझर मोकळा ठेवला तर त्या निर्बंधांना अर्थ नाही. अनेक ॲपच्या पोटात स्वतःचा छोटा ब्राउझर असतो, तोही विसरू नये.

गेम हा तर स्वतंत्र विषय आहे. पालक गेमला वेळेच्या हिशेबाने पाहतात, पण धोका बऱ्याचदा गेममधल्या गप्पांमध्ये असतो. बीजीएमआय किंवा रोब्लॉक्ससारख्या गेममध्ये अनोळखी माणसांशी लिहून किंवा थेट बोलता येते आणि पलीकडचा बारा वर्षांचा आहे की बत्तीस वर्षांचा, हे कळायचा मार्ग नसतो. 'तू चांगला खेळतोस, डिस्कॉर्डवर ये' किंवा 'इन्स्टाचा आयडी दे' हे वाक्य आले की तिथे थांबायचे, हे मुलाला आधी सांगून ठेवावे. बीजीएमआय २०२३ मध्ये भारतात परतला तेव्हा १८ वर्षांखालच्यांसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. तीन तास हीसुद्धा शाळा-क्लास करणाऱ्या मुलासाठी चैनच आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने देशभर बंदी आली, तरी अशा खेळांच्या लिंक टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरून फिरणे थांबलेले नाही.

पैशांबाबत दोन खबरदाऱ्या. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग चालू ठेवावी. आणि ज्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात तो नंबर मुलाच्या फोनमध्ये ठेवू नये. मुलाला वडापाव-वह्यांसाठी यूपीआय द्यायचेच असेल तर २०२४ मध्ये आलेले यूपीआय सर्कल पाहावे. त्यात मुलाने केलेला प्रत्येक व्यवहार पालकाने मंजूर केल्यावरच पुढे जाईल, अशी सोय निवडता येते.

संपूर्ण घरासाठी एक साधा उपाय आहे, जो फारसा वापरला जात नाही. अँड्रॉइडच्या इंटरनेट सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असते. तिथे क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची सेवा टाकली, किंवा घरच्या राउटरमध्ये तिचा १.१.१.३ हा पत्ता टाकला, तर अश्लील आणि घातक संकेतस्थळे मोठ्या प्रमाणात उघडतच नाहीत. राउटरमधला बदल मोबाइल डेटावर लागू होत नाही, फोनमधला होतो. केबलवाल्याने बसवलेल्या राउटरचा पासवर्ड अजून त्यानेच ठेवलेला असेल, तर तो आधी बदलावा.

गुपचूप पाहणारी ॲप्स

ही ॲप्स बहुधा प्ले स्टोअरवर नसतात. ती बाहेरून बसवावी लागतात आणि बसवताना फोनची सुरक्षा तपासणी बंद करायला सांगतात. म्हणजे मुलाला वाचवण्यासाठी आधी त्याच्या फोनचे कुलूप काढून ठेवायचे. मग मुलाचे मेसेज, फोटो, ठावठिकाणा हे सगळे परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जमा होते. एमस्पाय या प्रसिद्ध ॲपची माहिती २०१५, २०१८ आणि पुन्हा २०२४ मध्ये उघड्यावर आली. मुलीचे खासगी फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून बसवलेल्या गोष्टीतूनच ते जाण्याचा हा धोका आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाला देखरेखीचा अधिकार असतो. मात्र हेच ॲप पती, पत्नी किंवा १८ पूर्ण झालेल्या मुलाच्या फोनमध्ये न सांगता टाकले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली प्रकरण पोलिसांत जाऊ शकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने पालकाची पडताळणीयोग्य संमती घ्यावी आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवू नयेत, असे हा कायदा सांगतो. हे टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

कायद्यापेक्षाही मोठा प्रश्न घरातला आहे. चोरून वाचलेली गोष्ट पालकाला वापरता येत नाही. 'तुला हे कसे कळले' या मुलाच्या प्रश्नाला उत्तर नसते. खरे सांगितले तर विश्वास जातो, नाही सांगितले तर हाताशी असलेली माहिती निरुपयोगी.

वयाप्रमाणे देखरेख

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील बाळांना व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वयात दिवसाला एक तासापेक्षा कमी, आणि पाच ते दहा वयात दोन तासांपेक्षा कमी, असे सुचवले आहे. या वयात स्वतःचा फोन हवाच कशाला, हा प्रश्न योग्यच आहे. हॉलमध्ये, मोठ्यांच्या नजरेसमोर, मोठ्यांच्याच फोनवर पाहू द्यावे.

सहावी-सातवीपर्यंत कडक देखरेख चालते. ॲपची परवानगी, वेळेची मर्यादा, फोन हातात घेऊन अधूनमधून पाहणे, हे सगळे मूल फारसे मनावर घेत नाही. तेरा-चौदानंतर तीच पद्धत उलटते. या वयात मजकूर वाचण्यापेक्षा वेळ, झोप आणि अनोळखी माणसे या तीन गोष्टींकडे पाहावे. सोळा-सतराव्या वर्षी नियंत्रण हळूहळू सैल केले नाही, तर बारावीनंतर पुण्याला किंवा कोट्याला हॉस्टेलवर गेलेल्या मुलाला एका दिवसात पूर्ण मोकळा फोन मिळतो आणि स्वतःला आवरायचा सराव त्याला कधी झालेलाच नसतो.

ॲपपेक्षा आधी लक्षात येणाऱ्या खुणा असतात. मोठे माणूस खोलीत आले की फोन पालथा होतो. मेसेजचा आवाज आला की चेहरा उतरतो. एकदम पैसे लागायला लागतात, किंवा नको असताना कोणाकडून भेटवस्तू येतात. नेहमीचे मित्र सुटतात. रात्री दोनला बाथरूममध्ये फोन जातो. यातल्या एकाच खुणेवरून काही सिद्ध होत नाही; परीक्षेच्या काळात अर्धी मुले अशीच वागतात. दोन-तीन एकत्र दिसल्या तर शांतपणे विचारावे, आणि तो प्रश्न चार नातेवाइकांसमोर काढू नये.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने एक उपाय काढला. रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात. ८.३० ला पुन्हा वाजतो, तोवर मुलांनी अभ्यास करायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांशी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल बंदीचा ठराव केला.

दोन्ही गावांची चर्चा देशभर झाली. पण दोन्ही उपाय सारखे नाहीत. बांशीच्या ठरावात बंदी मुलांना होती. वडगावात भोंगा वाजला की मोठ्यांचाही फोन खाली ठेवला जातो आणि सासू-सुनेची मालिकाही बंद होते. मुले हे बरोबर टिपतात. डोंबिवलीतल्या वीस मजली इमारतीत भोंगा वाजवता येणार नाही, पण आठ ते साडेनऊ घरातले सगळे फोन टीव्हीशेजारच्या एका चार्जरला लावून ठेवता येतात. बाबांचा ऑफिसचा फोन त्यातून सुटला की नियम दोन दिवसांत मोडतो. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायलाच मनाई केली आहे. जगात हा प्रयोग कसा चालतो ते सगळे पाहत आहेत, पण तोवर भारतातल्या घरांना आपली वेळ आपणच ठरवावी लागेल.

धमकी आली तर

सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात एका १५ वर्षांच्या मुलीच्या तक्रारीवरून सामूहिक अत्याचाराचा गुन्हा नोंदवला गेला. तक्रारीनुसार, त्या वर्षी जानेवारीत काढलेल्या एका व्हिडिओची धमकी देऊन हा छळ अनेक महिने चालला होता आणि आरोपींची संख्या ३३ वर गेली. या प्रकरणातला व्हिडिओ मुलीच्या नव्हे, दुसऱ्याच्या फोनमध्ये होता. कुठलेही देखरेखीचे ॲप तो दाखवू शकत नाही. धमकी आल्याच्या पहिल्याच दिवशी मूल घरी येऊन सांगू शकेल का, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. 'काही झाले तर सांग, फोन काढून घेणार नाही' हे वाक्य मुलांना आधीच ऐकवून ठेवलेले असावे. फोन जाईल या भीतीनेच कित्येक मुले गप्प बसतात.

मूल सांगायला आले तर पहिल्या तासात काय करायचे हे ठरलेले असावे. पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. रागाच्या भरात चॅट पुसायचे नाही आणि समोरच्याला शिव्याही घालायच्या नाहीत. धमकीचे मेसेज, प्रोफाइलचे नाव, लिंक, नंबर आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवायचे. पण मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून काका-मामांना, शाळेच्या ग्रुपवर किंवा ओळखीच्या कोणालाही पाठवायचा नाही. अल्पवयीन मुलांचे असे साहित्य पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि पॉक्सो या दोन्हींखाली गुन्हा आहे, आणि ते डाउनलोड करून जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. मूळ फोन तसाच पोलिसांना दाखवावा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते, आणि महिला व मुलांसंबंधीच्या साहित्याची तक्रार नाव न देताही करता येते. मूल संकटात असेल तर १०९८ किंवा ११२. छायाचित्र इंटरनेटवर पसरू नये यासाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिच्यात छायाचित्र द्यावे लागत नाही. फोनवरच त्याचा आकडेवजा ठसा तयार होतो आणि सहभागी संकेतस्थळे त्या ठशावरून ते चित्र ओळखून काढतात. इन्स्टाग्राम आणि फेसबुक त्यात सहभागी आहेत.

पोलीस ठाण्यात जायचे तर नावाचा घोळ होऊ नये. मानपाडा पोलीस ठाणे डोंबिवली पूर्वेचे आहे. घोडबंदरच्या मानपाड्याला चितळसर पोलीस ठाणे आहे. दोन्ही ठाणे पोलीस आयुक्तालयाखालीच येतात. चुकून दुसरीकडे पोहोचले तरी परत फिरायची गरज नाही, कारण गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने तो नोंदवून घ्यावा लागतो. पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी तो घेते, त्या वेळी ती गणवेशात नसते आणि पालक सोबत बसू शकतात. मुलाचे नाव, पत्ता, शाळा माध्यमांना प्रसिद्ध करता येत नाही. लोक काय म्हणतील या धास्तीने तक्रार लांबवणाऱ्या घरांना ही तरतूद बहुधा माहीत नसते.